चौथ्या गाण्यातली उतरण

आपल्याला आवडलेलं गाणं दुसऱ्याला ऐकवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापासून जीव वाचवण्याचे उपायही पुष्कळ आहेत; पण गाणं संपल्यावर ऐकणाऱ्याला समोर बसवून साक्षीदारासारखा जबाब घेणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्याच घरात झाला. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. साकोलीत त्यांची धानाची मिल होती. पुढे घर, मागे मिल आणि मधल्या अंगणात उन्हात पसरलेलं धान. माणूस व्यवहारात चोख, बोलायला मोकळा, उपासतापास न करणारा, पण कुणाच्या मयतीला न चुकता जाणारा. एवढ्यावर थांबले असते तर चार लोकांसारखे सुखाने जगले असते. पण त्यांच्याजवळ एक रेकॉर्ड होती, एकच, तीही विलायती, आणि ती कुणाला तरी मनापासून आवडावी या एका इच्छेपायी त्यांनी आयुष्याची चांगली वर्षं आणि साकोलीतली बरीचशी मैत्री घालवली.

ही रेकॉर्ड, म्हणजे त्यांच्या भाषेत तवा, आली नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवरून. तिथला गोरा इंजिनिअर नोकरी सोडून मायदेशी निघाला होता आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. मोठेबाबा गेले होते मिलसाठी मोटरचा पट्टा पाहायला. पट्टा मिळाला नाही, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र मिळालं. बाकीच्या रेकॉर्डी लोकांनी आधीच उचलल्या होत्या. ही एक खोक्याच्या तळाशी पडून होती, कारण ती उचलून पाहिलेल्या प्रत्येकाने परत ठेवली होती. मोठेबाबांनी खाणीच्या कारकुनाला मध्ये घालून साहेबाला विचारलं, की ही कशी आहे? साहेब म्हणाला, बहिणीने पाठवली होती, आमच्याकडेही ती फारशी कुणी घेतली नाही, मी एकदा अर्धी ऐकली. दुसऱ्या कुणी एवढं ऐकून हात झटकले असते. मोठेबाबांनी मात्र लगेच पैसे मोजले. "माहेरातच जिले कोणी इचारलं नाही," ते घरी येऊन म्हणाले, "तिले आपण बी टाकून द्यायचं काय गा?" आणि माणसाने सून आणावी तसे रेकॉर्ड मांडीवर घेऊन एसटीने साकोलीला आले.

त्या रेकॉर्डीच्या वेष्टनावर चिखलात उभी चार दाढीवाली माणसं होती आणि केस मोकळे सोडलेली एक बाई. मागे कुंपण आणि त्यापलीकडे काही मेंढ्या. चेहरे असे, की जणू फोटो काढून घेण्याची शिक्षा झाली आहे. मोठेबाबांनी त्यांच्या बुटांना लागलेला चिखल पाहिला आणि निकाल दिला, की हे शेतकरी लोक आहेत. आत गिटार होती, ढोल होता, एक व्हायोलिन होतं आणि त्या बाईचा उंच, कोरडा, कुणाचीही मनधरणी न करणारा आवाज होता. ते गाणं ऐकून नाचता येत नसे आणि डोळे मिटून मानही डोलावता येत नसे. म्हणजे गाण्याचं जे काही करायची आपल्या लोकांना सवय आहे, त्यातलं काहीच त्याच्यासोबत करता येत नसे. मोठेबाबांना इंग्रजी मोटारीवरच्या पाट्यांपुरतं येत होतं. तरी पहिल्या दिवशी ती रेकॉर्ड ऐकून ते जेवले नाहीत असं मोठी आई सांगायची. "मले वाटलं पोट बिघडलं," ती म्हणायची, "ओवा देल्ला."

दुसऱ्या दिवसापासून गावाचे हाल सुरू झाले. मिल दुपारी जेवणाच्या सुटीत बंद असे. ती शांतता मोठेबाबांनी रेकॉर्डीसाठी राखली. त्या वेळी जो दारावरून जाईल तो आत. ऐकताना चहा नाही, बोलणं नाही, पंख्याखालची जागा पाहुण्याला. ऐकून झालं की मोठेबाबा खुर्ची पुढे ओढत आणि विचारत, "सांगा, कसं वाटलं?" या प्रश्नाला "चांगलं आहे" हे उत्तर चालत नसे. धानाच्या पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढावेत, एक दाताखाली चावावा आणि ओल किती ते सांगावं, हा त्यांचा जन्माचा धंदा. तोच हिसका ते माणसालाही दाखवत. "कोणतं चांगलं? पयलं का दुसरं? कोणत्या जागी?" गोंदियाचे व्यापारी मालाचा भाव करायला येत आणि डोळे मिटून "बहुत बढ़िया, सेठजी" म्हणत. दुसऱ्याच प्रश्नाला त्यांचं पोतं फाटे. मोठेबाबा भाव ठरलेलाच देत, पण माणूस गेल्यावर हताश होऊन म्हणत, "तोंडावर खोटं बोलते बापा. मले वाईट म्हण, चालते. पण आयकून त म्हण."

चालते असं नुसतं म्हणायचे नाहीत, खरंच चालत असे. शाळेतले इंग्रजीचे सर एकदा सापडले. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, की शब्द जुनाट आहेत, व्याकरण गचाळ आहे आणि मजकूर असा, की एक मुलगी नदीकाठी एका माणसाची वाट पाहते, तो येत नाही.

"मंग?" मोठेबाबा.

"मग काही नाही. संपलं."

"त्या पोरीचं वाट पाह्यणं तुमाले कसं वाटलं, सर?"

सरांना पेपर तपासायचे आठवले. भजनी मंडळाचे पेटीमास्तर तर पहिलं गाणं निम्मं व्हायच्या आत "याची सम कुठं आहे?" असं विचारून उठले आणि पुढे बरेच दिवस मिलच्या रस्त्याने जाईनात, बाजाराला वळसा घालून जात. लग्नात भोंगा लावणाऱ्याने ऐकून म्हटलं, "काकाजी, हे लावलं त वरात परत जाईन." या सगळ्यांना मोठेबाबांनी दोन-दोन कप चहा पाजला. खरं बोलणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. त्यांचं मागणं एवढंच होतं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत: "मले जास्त नाही, एक माणूस पायजे. एकच. ज्याले हे खरंच आवडलं."

असा माणूस मिळण्याची आशा मला तरी कधी वाटली नाही. मी स्वतः सुट्यांत तिथे जायचो आणि प्रत्येक सुटीत सापडायचो. पुढे भंडाऱ्याला नोकरी लागल्यावर रविवारी सापडू लागलो. त्या बाईचा आवाज मला विहिरीत पडलेल्या माणसाने हाक मारावी तसा वाटे. हे मी मोठेबाबांना सांगितलंही. ते खूश झाले, म्हणाले, "बरोबर आहे तुयं. आता सांग, तिले काढाले कोणी जाऊन राहिलं का?" मी म्हटलं, नाही. "पाहा!" ते म्हणाले, आणि इतक्या दुःखाने म्हणाले की चूक माझीच असावी.

या सगळ्यात मोठी आई कुठेच नसे. मोठेबाबांनी रेकॉर्डीवरचं फडकं काढलं, की ती सुपात तांदूळ घेई आणि "मी चालली मागं" म्हणून मिलच्या बाजूच्या ओसरीत जाऊन बसे. वर्षानुवर्षं हे असंच. मोठेबाबाही तिच्या पाठीकडे पाहून कपाळाला हात लावत. ज्या घरात आपण राहतो त्या घरातच आपल्या गाण्याला जागा नाही, हे दुःख त्यांनी माझ्याजवळ अनेकदा बोलून दाखवलं होतं. तिचं माहेर आसगाव. एकदा रोवणीच्या दिवसांत सासरी गेले तर मोठेबाबा यंत्र सोबत घेऊन गेले. संध्याकाळी धानाची रोपं लावून बांधीतून परतलेल्या, गुडघाभर चिखल माखलेल्या बाया अंगणात टेकल्या होत्या. त्यांना ती चिखलातली माणसं दाखवून मोठेबाबांनी रेकॉर्ड लावली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "कायले रडून राहिली व ही? पऱ्हे वाहून गेले का इचे?" धानाची रोपं वाहून जाणं म्हणजे काय हे मोठेबाबांना ठाऊक होतं. त्यांचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत त्या बाईची चौकशी करणारी ही पहिलीच. त्यांनी म्हातारीजवळ सरकून विचारलं, "तुमाले आवडलं का जी?" म्हातारी म्हणाली, "सिनेमाचं असन त लावा ना."

पण मोठेबाबांना त्या रेकॉर्डीत नेमकं काय आवडतं हे कळायला मला फार दिवस लागले, कारण ते चौथ्या गाण्यात होतं आणि तिथवर बसणारा श्रोता विरळा. एका दुपारी पावसामुळे मी अडकलो आणि चौथं गाणं आलं. वाट पाहणारी मुलगी तीच. गाणं मध्यावर आलं आणि त्या बाईचा आवाज एकाएकी खाली उतरला. खूप खाली, जड होत, जणू चालता चालता तिने टेकून घेतलं. मग हळूहळू उठून पुन्हा आपल्या जागी आला. मोठेबाबांनी माझा हात घट्ट धरला होता. "ही उतरण आयकली?" ते म्हणाले. "अन् तुले सांगतो, रोज वेगळ्या जागी उतरते. काल या कडव्यात होती, आज त्या कडव्यात. जितं गाणं आहे गा!" जेवणाची सुटी संपत आली होती आणि मागे मिलच्या मिस्त्रीने मोटर चालू केली होती. मोठेबाबांची मोटर चालू झाली की साकोलीच्या त्या भागातले पंखे मंदावत, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. स्वतः मोठेबाबा कमी दाबाच्या तक्रारी घेऊन वीज ऑफिसात भांडत. पण रेकॉर्ड विजेवर चालते आणि ती वीज मिलच्याच तारेवरून येते, एवढा विचार ज्या जागी करायचा, ती जागा त्यांच्या डोक्यात त्या बाईने भरून टाकली होती. आसगावला गाणं उतरलं नव्हतं. का, तर "नव्या गावी लाजली असन." एवढ्या प्रेमात पडलेल्या माणसाला मोटरचं सांगून मला काय मिळणार होतं?

दिवस तसे वाईटाकडेच चालले होते. दर खेपेला सुई रेकॉर्डीचं थोडं खाते, हे मोठेबाबांना माहीत होतं. ज्यांना ती आवडत नाही अशा माणसांना ऐकवून ऐकवून ती झिजत होती, खरखर वाढत होती, आणि तो एक माणूस येईपर्यंत ती टिकणार की नाही, याची धास्ती त्यांना लागली होती. ते आता श्रोते निवडून घेऊ लागले. त्यातच एका मे महिन्यात रेकॉर्ड खिडकीत राहिली आणि एका कडेने वाकली. घाबरून त्यांनी जे केलं ते धान उकडणाऱ्या माणसालाच सुचेल. आमच्याकडे उसना तांदूळ काढताना धान उकडतात, वाळवतात. ऊब आणि वजन यांनी कोणतीही वस्तू ताळ्यावर येते असा त्यांचा आयुष्याचा अनुभव. त्यांनी रेकॉर्ड दोन पत्र्यांमध्ये ठेवली, वर नुकत्याच उकडलेल्या धानाची वाफाळती पोती रचली आणि शेजारी खुर्ची टाकून पहारा करत बसले. संध्याकाळी पोती काढली तेव्हा रेकॉर्ड सपाट झाली होती हे खरं. पण तिच्यावरच्या रेघा पुसल्या होत्या आणि पत्र्याची नक्षी उमटली होती. सुई ठेवली तर नुसता वाळूवर सूप घासल्यासारखा आवाज. त्यांनी पुन्हा ठेवली. मग यंत्र बंद केलं.

मी एका लग्नासाठी साकोलीला गेलो तेव्हा मोठेबाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मिलमध्ये जात नव्हते. मयतीलाही गेले नव्हते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ज्यांनी रेकॉर्ड ऐकण्याच्या भीतीने रस्ते बदलले होते, ते पेटीमास्तरसुद्धा येऊन बसून गेले. मोठेबाबा मला म्हणाले, "कोणालेच आवडली नाही गा. अन् आता कोणाले आवडाची बी नाही." मोठी आई दारात बसून तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मले आवडे."

मोठेबाबा उठून बसले. "तुले? तू त उठून मागं जात होती!"

"मागं जाऊनच आयकत होती. समोर बसली असती त तुमी इचारलं असतं, पयलं का दुसरं, कोणत्या जागी. सुखानं आयकू देल्लं असतं का?"

मोठेबाबांनी पाय खाटेखाली सोडले. मोठी आई खाली पाहत म्हणाली, "चौथं चांगलं होतं. कोणी येनार नाही हे तिले मनात ठाऊक आहे, तरी बसली आहे. मले लय आवडे थे." आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणाली, "फक्त मधात आवाज खाली जाये ना, थो आपल्या मोटरीचा होता."

मी जन्मात असा माणूस पाहिला नाही, ज्याच्या चेहऱ्यावर एकाच क्षणी लॉटरी आणि दरोडा दोन्ही दिसावेत. "मोटरीचा?" मोठेबाबा ओरडले. "थे उतरण आहे! त्या बाईचा जीव आहे त्याच्यात!"

"जीव तिचा असन, पण मोटर आपली आहे. मी ओसरीत बसत होती. इकडं मिस्त्री खटका दाबे, तिकडं बाई खाली बसे."

"मंग आसगावले काहून नाही उतरली?"

"माह्या माहेरी मोटर कुठं होती जी?"

त्या दुपारी मोठेबाबा पोटभर जेवले. आणि तिथून जे भांडण लागलं ते वर्षानुवर्षं चाललं. ज्या गाण्याचा आवाज जगातून पुसला गेला होता, त्याच्यावर ही दोन म्हातारी माणसं सकाळसंध्याकाळ वाद घालत. शब्द दोघांनाही कळत नव्हते. त्यांनी त्यांची आपापली बोबडी इंग्रजी करून ठेवली होती. मोठी आई चुलीजवळ चौथं गाणं सरळ, न उतरता म्हणे. लगेच समोरच्या खोलीतून मोठेबाबा तेच गाणं उतरणीसकट म्हणत, आणि ती उतरण आता पूर्वीपेक्षा बरीच लांबली होती. पाहुणे आले की साक्षीला ओढले जात, पण कुणाचा जबाब आता मनावर घेतला जात नसे. मुलाबाळांशिवायचं ते घर, त्यात दोघांचं बोलणं मिठापिठापलीकडे कधी गेलं नव्हतं. आता ती बाई कशी बसते, कुणासाठी बसते, तिला उठवायला कुणी जावं की नाही, यावर ते तावातावाने बोलत. मोठी आई एवढी बोलते हे मला तेव्हा कळलं. हरायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून मला कामाला लावलं: कुठूनही दुसरी रेकॉर्ड आण आणि निकाल लाव.

निकाल लावणं म्हणजे काय, हे मला नागपूरच्या दुकानांनी शिकवलं. एका दुकानदाराने वेष्टन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ये कौन सुनता है, भाई?" मी म्हटलं, साकोलीत दोघं ऐकतात. त्याने मला पाणी दिलं. वर्षं गेली, रेकॉर्डी जाऊन कॅसेटी आल्या. अखेर माझ्या ऑफिसातल्या एकाच्या नातेवाइकाने विलायतेत शोधून ती कुठल्याशा जुन्या दुकानात मिळवली, कॅसेटवर उतरवली आणि पाठवली. सोबत निरोप होता, की हे लोक कोण म्हणून तिथेही कुणाला सांगता आलं नाही.

कॅसेट माझ्या हातात पडली तेव्हा मोठी आई जाऊन काही महिने झाले होते. पावसाळ्यात ताप आला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं, आणि शेतातलं काम आटोपून माणसाने उठावं तशी गुपचूप उठून गेली. मी ती कॅसेट घरी एकट्याने ऐकली. मग मागून आणलेला टेपरेकॉर्डर पिशवीत घालून साकोलीला गेलो. मोठेबाबा ओसरीत बसले होते, मोठी आई बसायची तिथेच. मिल त्यांनी भाड्याने दिली होती. मी काय आणलं आहे ते सांगितलं. त्यांनी कॅसेट हातात घेतली, उजेडात धरली, आतल्या फितीवर बोट फिरवलं.

"तू आयकली?"

"हो."

"चौथं बी?"

"हो."

मी टेपरेकॉर्डरची वायर सोडवू लागलो. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात फार हलका झाला होता.

"सांगू नको," ते म्हणाले. "लावू बी नको."

"पण मोठेबाबा, याच्याचसाठी तर..."

"उतरली नसन, त तिचं खरं झालं. तिले सांगाले जाऊ कुठं? अन् उतरली असन, त मी जिंकलो." त्यांनी कॅसेट माझ्या हातात परत ठेवली. "जिंकून भांडू कोणासंग?"

मी वायर पुन्हा गुंडाळली. त्यांनी चहा सांगितला. आम्ही दोघांनी तो प्यायला, आणि संध्याकाळच्या एसटीने मी कॅसेट घेऊन भंडाऱ्याला परत आलो.